वाऱ्याची दिशा पाहून

लग्नाच्या बायोडेटात माणसाचं सगळं सापडतं. उंची, वर्ण, रक्तगट, नाडी, गण, चष्मा आहे की नाही, गावाकडे किती एकर, मामांचं आडनाव काय आणि ते कुठले. केसांचा रकाना मात्र नसतो. मराठी समाजानं पुरुषांवर केलेली ही मोठी मेहेरबानी आहे आणि तिशीकडे झुकलेला, कपाळ वरवर सरकत चाललेला उपवर मुलगा तिचा पुरेपूर फायदा उठवतो. बायोडेटाला जोडलेला फोटो सिंहगडावरचा असतो, डोक्यावर कॅप असते, मागे ढग असतात. मुलगा ट्रेकिंगचा शौकीन दिसतोय, असं वधूपक्ष समजतो. कांदेपोह्यांच्या दिवशी कॅप काढावी लागते. मग वधूपक्षातली एखादी आत्या स्वयंपाकघरात जाऊन, बाहेर नेमकं ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात विचारते, "फोटोतला हाच का गं?"

आत्या एकदाच बोलते. हा गृहस्थ स्वतःला रोज बोलतो. केस विरळ होऊ लागलेल्या पुरुषाइतका कडक परीक्षक बोर्डानंही कधी नेमला नसेल. सकाळी उठल्यावर आधी उशी बघायची, मग कंगवा, मग न्हाणीघरातली जाळी. दुष्काळी भागात केंद्राचं पथक हिंडतं तशी ही पाहणी चालते आणि अहवालही तसाच येतो: परिस्थिती गंभीर, मदत शून्य. काही जण जाळीत अडकलेले केस मोजतात. खरं तर माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज गळणं हा निरोगी डोक्याचाही नित्यक्रम आहे. त्वचारोगतज्ज्ञ हे समजावून सांगतात, पैसे घेऊन सांगतात, तरी पटत नाही. ज्याला वाईटच बघायचं आहे त्याला आजचे त्रेसष्ट कालच्या एकोणसाठांपेक्षा जास्तच दिसणार.

त्यात आरसे वाढले. पूर्वी घरात एक आरसा असे आणि तो समोरून दाखवत असे. टाळू मागच्या बाजूला, त्यामुळे टाळूवरचं टक्कल ही सगळ्या गावाला ठाऊक आणि मालकाला अज्ञात अशी गोष्ट होती. आता सलूनवाला काम आटोपलं की डोक्यामागं दुसरा आरसा धरतो आणि "बघा साहेब, बरोबर?" म्हणतो. साहेब "बरोबर" म्हणतात, दुसरं काय म्हणणार? लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंनी आरसे असतात. औषधाच्या दुकानात सीसीटीव्हीचा पडदा गिऱ्हाइकाकडे तोंड करून टांगलेला असतो. बिल होईपर्यंत हा सहज वर बघतो, पडद्यावरच्या कुणा टकल्याची त्याला कीव येते, तो डोकं खाजवतो आणि पडद्यावरचा टकल्याही खाजवतो. त्या दिवशी खोकल्याच्या औषधाबरोबर केसांचं तेलही घरी येतं.

टक्कल माणसाइतकंच जुनं आहे. त्याचं दुःख मात्र, निदान महाराष्ट्रात तरी, बरंच अलीकडचं आहे. पेशवाईतले कितीतरी पुरुष शेंडी किंवा घेरा ठेवून बाकीचं डोकं न्हाव्याकडून मुद्दाम तुळतुळीत करून घेत. तेच काम निसर्गानं फुकटात करून दिलं तर तक्रार कसली? वर पुन्हा पगडी नाहीतर पागोटं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, महात्मा फुले ही मंडळी आपल्या डोळ्यांपुढं येतात ती डोकं झाकूनच. पुढं टोपी आली, कारकुनाची काळी, मग गांधींची पांढरी. एखाद्या जुन्या घरातला लग्नाचा फोटो पाहावा: तीस पुरुष, तीस टोप्या. यांतला कुरळ्या केसांचा कोण आणि चमनगोटा कोण, हे त्यांच्या बायकांखेरीज कुणाला सांगता यायचं नाही. बोडक्या डोक्यानं घराबाहेर पडणं तेव्हा असभ्य मानलं जाई, आणि या एका शिष्टाचारानं पिढ्यान् पिढ्या पुरुषांची अब्रू राखली. शहरातल्या माणसानं टोपी खुंटीला टांगली ती कायमची. स्वातंत्र्याबरोबर टक्कलही उघडं पडलं.

मग सिनेमानं उरलेलं काम केलं. देव आनंदच्या कपाळावर केसांचा फुगा आला, सत्तरच्या दशकात अमिताभचे केस कानांवरून खाली उतरले, आणि टक्कल कुणाच्या वाट्याला? नायकाच्या हातून मार खाणाऱ्या शेट्टीच्या. १९८० च्या 'शान'मधल्या शाकालच्या, जो बेटावर बसून माणसं मारायचा आणि ज्याच्या खाली मगरी पोहत असायच्या. तीन तासांच्या चित्रपटात केस नसलेला माणूस दिसला की तो एकतर तस्करी करणार किंवा हसं करून घेणार, हे शाळकरी पोराला पण कळे. असल्या संस्कारात वाढलेल्या पुरुषाला पंचविशीत भांगाच्या दोन्ही बाजूंना खाड्या दिसू लागल्या, की त्याला स्वतःचं भविष्य शाकालच्या बाजूनं जाताना दिसतं.

इथून उरलेल्या केसांचं नियोजन सुरू होतं. पद्धत सर्वांना माहीत आहे, फक्त करणाऱ्याला वाटतं की ती कुणाला माहीत नाही. डाव्या कानाच्या वर दोन बोटांवर भांग पाडायचा, तिथले केस वीतभर वाढवायचे आणि खोबरेल किंवा जेल लावून ते टाळूवरून उजव्या कानापर्यंत न्यायचे. घरात, पंखा बंद असताना, हे काम चोख दिसतं. अडचण वाऱ्याची आहे. एसटीत खिडकीची जागा मिळूनही हा माणूस ती शेजाऱ्याला उदारपणानं देतो. मरीन ड्राइव्हवर तो बायकोच्या कोणत्या बाजूनं चालेल हे समुद्र ठरवतो. कार्यालयात पंगतीला बसताना इतर लोक आचाऱ्याच्या जवळची जागा बघतात, हा छताकडे बघून पंख्याखालची टाळतो. वाऱ्याची दिशा, वेग आणि पावसाची शक्यता यांचा त्याचा अभ्यास बघितला तर वेधशाळेनं त्याला नोकरी द्यावी.

या कलेला इतिहास आहे. ज्युलियस सीझरनं गॉल जिंकलं, रोमन प्रजासत्ताक मोडीत काढलं, पण स्वतःच्या टकलापुढं त्याचं काही चाललं नाही. त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो की तो टाळूवरचे मोजके केस पुढं ओढून घेई, आणि सेनेटनं दिलेल्या सगळ्या मानमरातबांत त्याला कोणता आवडला असेल तर लॉरेलच्या पानांचा मुकुट कायम घालून हिंडण्याचा हक्क. शत्रूही टकलावरून थट्टा करत आणि ती त्याला झोंबे. दोन हजार वर्षांनी अमेरिकेतल्या फ्लॉरिडात फ्रँक आणि डोनाल्ड स्मिथ या बापलेकांनी याच कलेचं शास्त्र केलं आणि १९७७ मध्ये अमेरिकी सरकारकडून चक्क पेटंट मिळवलं. क्रमांक ४०२२२२७. उरलेले केस वाढवून त्यांचे तीन भाग करायचे, तीन दिशांनी एकावर एक आणायचे आणि मध्ये फवारा मारून थर बसवायचे. पेटंटमध्ये आकृत्याही आहेत. २००४ मध्ये या शोधाला अभियांत्रिकीचं इग नोबेल मिळालं. आपल्याकडे हा शोध कित्येक हेडमास्तरांनी आणि तलाठ्यांनी स्वतंत्रपणे लावला होता, पण अर्ज कुणी केला नाही.

झाकणं जमत नसलं की माणूस उगवण्याच्या मागं लागतो. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये टकलावर पाणघोडा, मगर, मांजर आणि साप यांची चरबी एकत्र करून लावावी असा तोडगा आहे. त्या मानानं मराठी घर फारच सात्त्विक. माका, जास्वंद, आवळा, कोरफड, आणि अलीकडे कांद्याचा रस. कांद्याच्या रसानं डोक्याचं काय होतं ते होवो, ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी राहते एवढं नक्की. मध्यंतरी टीव्हीवरच्या योगवर्गांतून दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासण्याची टूम आली. मुंबईच्या लोकलमध्ये डब्याच्या डब्यात माणसं एकमेकांकडे न बघता नखं घासत बसलेली दिसत. नखं गुळगुळीत झाली.

घरात दोष कुणाला द्यायचा याचीही व्यवस्था ठरलेली असते. "मामांवर गेलाय," असं वडिलांकडची माणसं म्हणतात, आणि "आमच्याकडं सगळ्यांना भरगच्च आहेत, हे तुमच्या घराण्याचं," असं आजोळ ऐकवतं. विज्ञानानं दोघांनाही निम्मं निम्मं खरं ठरवलं. टकलाशी संबंधित एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं, पण त्याखेरीज इतर कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात. मूळ करामत डीएचटी नावाच्या संप्रेरकाची. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉनपासून ते शरीरात बनतं आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही त्यांची मुळं हळूहळू आकसत जातात. कानामागच्या आणि मानेवरच्या केसांना मात्र ते बाधत नाही, म्हणून शेवटी झालर उरते. अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं काढली गेली, त्यांना असं टक्कल पडत नाही. टक्कल टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणतात तो हाच. त्यासाठी अजून कुणी नाव नोंदवल्याचं ऐकिवात नाही.

आधुनिक औषधं दोन, आणि दोन्ही दुसऱ्याच कामाला निघालेली. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर भलतीकडे केस उगवायला लागले तेव्हा कंपनीचं डोकं चाललं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. फिनास्टराइड हे प्रोस्टेटचं. १९९७ पासून लहान मात्रेत टकलासाठी. दोन्हींचा उपयोग अनेकांना होतो, हे थट्टा बाजूला ठेवून सांगायला हवं. पण मिनॉक्सिडिल लावायला लागल्यावर सुरुवातीचे काही आठवडे केस जास्तच गळू शकतात, आणि औषध थांबवलं की काही महिन्यांत मिळवलेलं सगळं परत जातं. म्हणजे पदर धरला की सोडायचा नाही.

तिसरा मार्ग रोपणाचा. मागच्या झालरीतले केस मुळासकट उचलून पुढं लावायचे. नॉर्मन ओरेंट्राइश या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की मागचा केस पुढं आला तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही, टिकून राहतो. आज गल्लोगल्ली याची दुकानं आहेत. दुकानं हा शब्द मुद्दाम वापरला, कारण २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट सांगावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केसरोपण करायला लागणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. ज्या माणसानं स्कूटरचा प्लग बदलायलाही ओळखीचा मेकॅनिक शोधला, तोच माणूस स्वतःचं डोकं कुणाच्या हाती देतो हे पाहिलं की आरशानं त्याची काय अवस्था केली असेल ते कळतं.

आता प्रश्न असा की यातून माणूस सुटतो कसा. स्वतःला स्वीकारा, स्वतःवर प्रेम करा, असं सांगणारी व्याख्यानं भरपूर आहेत आणि ती देणाऱ्या बऱ्याच वक्त्यांचे केस उत्तम आहेत. प्रत्यक्षात टक्कल पडलेल्या पुरुषाला साक्षात्कार वगैरे होत नाही. त्याला कंटाळा येतो. रोज सकाळची वीस मिनिटं, महिन्याचं तेल, पंख्याखालची जागा टाळणं, पोरांनी "बाबा, पोहायला चला" म्हटलं की पाठदुखीचं निमित्त, या सगळ्याचा एके दिवशी वीट येतो. स्वतःला नावं ठेवायलाही कष्ट पडतात, आणि चाळिशीनंतर कष्ट वाचवण्याकडे कल असतोच. मग एखाद्या रविवारी तो सलूनच्या खुर्चीत बसतो आणि नेहमीचं "बाजूनं थोडे कमी करा, वरचे राहू द्या" न म्हणता "झिरो मशीन मारा" म्हणतो. सलूनवाला एकदा आरशात त्याच्याकडे बघतो, "नक्की?" विचारतो आणि चार मिनिटांत वीतभर वाढवलेली ती ऐतिहासिक बट फरशीवर पडते. पोऱ्या झाडू मारतो.

घरी काय होतं? आई म्हणते, "अरे, कुणी गेलं का?" धाकटी मुलगी डोक्यावरून हात फिरवून बघते आणि पुन्हा फिरवू का विचारते. बायको म्हणते, "बरं दिसतंय की. दहा वर्षं सांगतेय मी." ती दहा वर्षं सांगत होती हे खरं असतं, पण नवऱ्याच्या कानावर तेव्हा केस आडवे असायचे. आणि ऑफिसात? सोमवारी दोघं-तिघं "तिरुपती का?" म्हणतात, प्रसादाचा लाडू मागतात, मंगळवारपासून कुणाच्या लक्षातही राहत नाही. आपल्या डोक्याकडे जग डोळे लावून बसलंय ही समजूत एवढी वर्षं जपलेल्या माणसाला हा मंगळवार थोडा लागतोच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये अल्बर्ट मॅनेस यांनी २०१२ मध्ये यावर प्रयोगच प्रसिद्ध केले. त्याच पुरुषांची छायाचित्रं एकदा केसांसकट आणि एकदा केस खोडून लोकांना दाखवली. तुळतुळीत डोक्याचा तोच माणूस लोकांना जास्त दरारा असलेला, जवळजवळ इंचभर उंच आणि १३ टक्के अधिक ताकदवान वाटला. सगळ्यात कमी भाव मिळाला तो विरळ केस घेऊन तग धरणाऱ्यांना. म्हणजे लपवालपवीत पाव आयुष्य घालवून पदरात पडतो तो शेवटचा क्रमांक.

पडद्यावरही कुणीतरी हे आधीच ओळखलं होतं. १९८४ च्या 'सारांश'मध्ये शिवाजी पार्कचे निवृत्त मराठी मास्तर प्रधान उभे केले ते तिशीही न ओलांडलेल्या अनुपम खेरनं. त्या वयात केस गेल्यामुळं दुसरा नट घरी बसला असता, यानं त्याच डोक्यावर पुढची चाळीस वर्षं काढली. २०१९ च्या नोव्हेंबरात तर 'उजडा चमन' आणि 'बाला' असे टकलावरचे दोन हिंदी चित्रपट आठवडाभराच्या अंतरानं आले. नायक दोन्हीकडे टकला; मार खात नव्हता, लग्न जमवत होता. प्रगतीच म्हणायची.

टक्कल मिरवण्यात जपानी लोकांचा हात कुणी धरणार नाही. उत्तर जपानमधल्या आओमोरी प्रांतात त्सुरुता नावाचं गाव आहे. तिथं टक्कल पडलेल्या पुरुषांचा एक संघ असून त्याचे सभासद जमले की रस्सीखेच खेळतात. रस्सी हातात धरायची नाही. दोघांच्या टकलांवर रबरी चोषक चिकटवायचे, त्यांना दोरी बांधायची आणि ओढायचं. ज्याचा चोषक सुटला तो हरला. या खेळात केस असलेल्या माणसाला प्रवेश मिळणं निव्वळ तांत्रिक कारणानं अशक्य आहे. इंग्लंडमध्ये मात्र प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये तिथल्या एका कामगार न्यायाधिकरणानं निकाल दिला की कामाच्या ठिकाणी पुरुषाला टकल्या म्हणून शिवी देणं हा लिंगाधारित छळ आहे, कारण टक्कल पुरुषांतच फार जास्त आढळतं. निकाल देणारे तिन्ही सदस्य पुरुष होते आणि या बाबतीत आपण अनुभवानं बोलत असल्याचं त्यांनी निकालपत्रातच सुचवलं. हा निकाल इथं लागू केला तर महाराष्ट्रातले सगळे कॉलेजचे कट्टे आणि निम्मी सरकारी कार्यालयं बंद करावी लागतील.

हसण्याची ही मुभा पुरुषांना आहे, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे. बाईचा भांग रुंद होत गेला तर कट्ट्यावर विनोद होत नाहीत, कुजबुज होते आणि तिच्या तोंडावर सल्ले दिले जातात. याच समाजानं कोवळ्या वयातल्या विधवांची डोकी जबरदस्तीनं भादरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी ते काम करायला नकार दिला, तेव्हा कुठं त्या वस्तऱ्याला लगाम बसू लागला. टक्कल पुरुषाच्या वाट्याला निसर्गानं येतं; बाईच्या वाट्याला ते इथं शिक्षा म्हणून आलं होतं. आणि हसू नये तिथंही हसणं होतंच: जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत बायका, मुलं, म्हातारी माणसं अशा सगळ्यांचेच केस तीन-चार दिवसांत पुंजक्यांनी हातात यायला लागले, तेव्हा वाहिन्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असं मजेशीर नाव देऊन टाकलं. पुढं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासात बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. केस असे अचानक किंवा चकत्याचकत्यांनी गेले, तर ते वय नव्हे, आजार असू शकतो आणि तिथं कांद्याचा रस चोळत बसण्याऐवजी डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचे केस वयानं आणि घराण्यानं नेले त्यांनी, मे महिन्याच्या उन्हात डोक्याला सनस्क्रीन लावावं किंवा सरळ आजोबांची टोपी खाली काढावी. अकोल्याच्या उन्हाला तुमच्या स्वीकाराशी देणंघेणं नाही. आणि भरगच्च केसांच्या वाचकांना एक विनंती: येत्या लग्नसराईत कॉलेजातला जुना मित्र पंधरा वर्षांनी भेटला, तर "अरे, केस कुठं गेले?" हा पहिला प्रश्न करू नका. तुमचं पोट कुठून आलं, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.